तीन सिंके

“अवो फुलावैनी, टाका तो भारा खाली आन देवळाकडं चला! आज तुमच्या सिंकेवाल्याची परीक्षा हाय!”

चिमाजी ओरडत, धापा टाकत आला, तेव्हा माझ्या डोक्यावर भातरोपांच्या राबासाठी तोडलेल्या फांद्यांचा भारा होता आणि मान मोडायला आली होती. चिमाजी म्हणजे आमच्या हिर्डोशीचं फुकटचं वर्तमानपत्र. मुंबईच्या गिरणीत काही दिवस काढून आला होता, तेवढ्या भांडवलावर जन्मभर शहाणपणा करायचा.

“कसली परीक्षा?” मी म्हटलं. “तुला नसंल कामधंदा, मला राब भाजायचाय.”

“चिनी आलाय गावात! खराखुरा! पाठीवर रेशमी कापडाचं गठुडं हाय. भोरास्नं चालत आलाय, घाट उतरून म्हाडाकडं निगाला असंल. तर भैरोबाच्या पायरीवर आडवाच झालाय. पाटील म्हनले, रखमाजीला बोलवा. त्यो सिंगापुरात ऱ्हायलाय न्हवं चिन्यांच्यात? आता बोल म्हनावं त्याच्यासंगं!”

मी भारा तिथंच बांधावर टाकला. छातीत असं धडधडायला लागलं, की चिमाजीला ऐकू जाईल असं वाटलं.

का धडधडलं, ते आधी सांगते. आमच्या घरधन्याचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं, आमच्याकडं बायका घेत नाहीत. लोक त्यांना ज्ञानू म्हणत. ते आणि त्यांचे चुलतभाऊ रखमाजी, हे दोघं भाटघरच्या धरणावर दगड फोडायला होते. एका भाकरीचे दोन तुकडे करून खाणारी जोडी. धरण पुरं झालं आणि काम सुटलं. त्याच वेळी तिथला एक साहेब सिंगापूर नावाच्या मुलखात गोदी बांधायला निघाला होता. त्यानं सुरुंग भरणारी, दगड घडवणारी काही माणसं बरोबर नेली, त्यांत हे दोघं गेले. माझ्या लग्नाला धड दोन दिवाळ्याही झाल्या नव्हत्या. जाताना म्हणाले, “दोन सालात येतो. घरावर कौलं घालू.” मी म्हटलं, “कौलं ऱ्हाऊद्यात. तुमी या म्हंजी झालं.”

चौथ्या वर्षी रखमाजी एकटेच आले.

अंगणात उभे राहिले. पायात काही नाही, दाढी वाढलेली, हातात साधं गाठोडं. “वैनी, ज्ञानू...” म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, “तापानं गेला, वैनी.” मी हातातलं सूप त्यांच्या अंगावर फेकलं. “खोटं!” म्हणून अशी ओरडले, की शेजारपाजारची दारं उघडली. पुढचं एक अक्षर मी त्यांना बोलू दिलं नाही. माझं तोंड फटकळ आहे, पहिल्यापासून आहे. त्या दिवशी तर मी त्यांची अख्खी भावकी उद्धरली. ते ऐकत उभे राहिले आणि मग निघून गेले.

त्याच आठवड्यात चिमाजी आला आणि हळूच कानाशी लागला. म्हणाला, सिंगापूर कसलं न् काय, ह्या दोघांना आपण लालबागेत पाहिलं होतं. म्हणजे रखमाजीला पाहिलं नाही, पण ज्ञानूची पाठ पाहिली. आपणच त्याच्याशी बोललो नाही, कारण त्याच्यासंगं एक बाई होती.

दुसरी एखादी असती तर नवऱ्यानं बाई ठेवली म्हणून ऊर बडवला असता. मला इतका आनंद झाला, की चिमाजीला मी गूळ-शेंगदाणे काढून दिले. बाई तर बाई. माणूस जिवंत आहे ना! दमला, भागला, त्या सटवीला कंटाळला, की येईल घरी. आणि मग माझा हिशेब सरळ झाला. सिंगापूर खोटं, तर मरणही खोटं. रखमाजी थापाड्या, तोवर माझं कुंकू खरं. माहेरची माणसं पाट लावून द्यायचं बोलायला आली, तेव्हा मी भाऊ म्हणून न बघता त्यांना उंबऱ्यावरून हाकललं. जिवंत माणसाच्या बायकोचा कुठं पाट लावतात का?

रखमाजींनी त्या मुलखाचं पुन्हा कधी कुणाला काही सांगितलं नाही. शेताच्या ताली रचायचं काम ते करत. डोंगरउताराला भातखाचरं धरून ठेवायची तर दगडाची ताल पक्की लागते, आणि तसा हात त्यांच्याशिवाय कुणाचा नव्हता. लग्न केलं नाही. बोलणं मोजकं. फक्त एक शब्द त्यांच्या तोंडात राहिला होता, सिंके. गावात कुणी नवं आलं की ते म्हणायचे, “सिंके आला बगा.” भामाबाईची सून पहिल्यांदा सासरी आली, ती सिंके. पाटलांनी बाजारातून बैल आणला, तोही सिंके. एकदा शिरवळकडचं मेंढरांचं खांड वाट चुकून आलं, त्यातले धनगर सिंके. नुसतं म्हणून थांबत नसत. हातातलं काम टाकून त्या नव्या माणसाला तांब्याभर पाणी नेऊन देत, बैल असला तर बादली. पोरंटोरं त्यांना सिंकेवाला म्हणायला लागली, आणि मग मोठेही. त्याचा अर्थ कुणी विचारला तर हसायचे. मला तर त्या शब्दाचा इतका संताप यायचा, की माझ्या कानावर पडला की मी तिथून उठायचे. हा माणूस आपली थाप जपून ठेवतोय, असं वाटायचं.

तर आज तपासायची वेळ आली होती. चिमाजीच्या मागं मी अशी निघाले, की तो मागं पडला.

देवळापुढं अर्धं गाव जमलं होतं. चिनी माणूस पायरीवर भिंतीला टेकून बसला होता. तरुण होता. मळकी निळी बंडी, गुडघ्यापर्यंत धूळ. पाय सुजून फोडांनी भरले होते. गठुडं मात्र त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. आमची पोरं जवळ जात होती, त्यानं मान वळवली की पळत होती. बायका कुजबुजत होत्या, “बगा की बाई, दाढी न्हाई का मिशी न्हाई.” “डोळं किती बारीक, ह्याला दिसत असंल का गं?” “आपल्यापरीस बरं दिसत असंल.”

आनंदराव पाटील चावडीवरून काठी आपटत आले होते. त्यांना वेगळाच घोर लागला होता. “हितंच मेला म्हंजी? संस्थानातनं इचारना हुईल. कोन, कुठला, नाव काय, म्या काय सांगू? रखमाजी, इचार बरं ह्याला समदं.”

रखमाजी पुढं आले. हात चिखलामातीचे, धोतर वर खोचलेलं. त्या माणसाकडं बघताना त्यांचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं, जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखं झालं होतं त्यांचं. ते उकिडवे बसले, तोंड पुढं केलं आणि मोठ्यांदा म्हणाले, “च्या पा बुए?”

चिनी माणूस नुसता बघत राहिला.

“च्या मागतुय व्हय रं तू त्याच्याकडं?” चिमाजी म्हणाला, आणि सगळं गाव खदाखदा हसलं.

“जेवलास का म्हनून इचारलं,” रखमाजी मागं न बघता म्हणाले. पुन्हा तेच म्हणाले, हळू. मग आणखी काही बोलले, लांबलचक, नाकातून. एक शब्द त्यांत मला कळला, सिंके. त्यांनी त्या माणसाच्या छातीकडं बोट दाखवून विचारलं, “सिंके?”

त्या माणसानं न कळल्यासारखी मान हलवली. मग तोच काहीतरी बोलला, भराभर, आणि आता रखमाजी नुसते बघत राहिले. त्यांना एक अक्षर कळलं नाही. ते आम्हा सगळ्यांना दिसलं.

“काय म्हनतुय?” पाटलांनी विचारलं.

“न्हाई समजत, पाटील. ह्याची बोली येगळी हाय. चीन लई मोठा देस. हिकडच्या टोकाचा मानूस तिकडच्याला...”

“व्हय व्हय!” चिमाजीनं टाळी दिली. “देस मोठा हाय! सिंगापूर बी लई मोठं हाय! लालबागेयेवढं!”

असं हसू उसळलं की देवळातली कबुतरं उडाली. पाटील कपाळाला हात लावून बसले. रखमाजींनी मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या.

आणि मी? खोटं कशाला सांगू, मला नाचावंसं वाटलं. सगळ्या गावासमोर, भैरोबाच्या दारात, थाप उघडी पडली होती. माझे घरधनी आहेत! कुठंतरी आहेत, लालबागेत असोत नाहीतर परळात, सटवीच्या हातचं खाऊन जाडजूड झालेले असोत. आहेत! डोळ्यांत पाणी आलं तेही हसूच होतं. आणि माणसाला असं भरून आलं की देण्याची बुद्धी होते. त्या बिचाऱ्या चिनी माणसाचे सुकलेले ओठ मला तेव्हा दिसले.

“अरं हसताय काय मुडद्यांनो?” मी म्हटलं. “त्यो बोलंल कसा? भुकेजलाय त्यो. थांबा, पेज घिऊन येते.”

“वैनी, त्याची जात-पात...” कुणीतरी मागून म्हणालं.

“भुकेची जात इचारून ये आदी, मग मला सांग.”

आमचं घर देवळाला लागूनच. चुलीच्या कडेला सकाळची कण्यांची पेज होती. मी ती गरम केली, मीठ घातलं, वर मूठभर भाजलेलं सुकट टाकलं. सासूबाई ओसरीवर वाती वळत होत्या. “आत्याबाई,” मी म्हटलं, “परीक्षा झाली! भावजीस्नी चिन्याचं येक अक्षर येत न्हाई!”  त्यांच्या हातातली वात तेवढी मोडली.

मी काशाच्या वाडग्यात पेज घेऊन गेले आणि स्वतःच्या हातानं त्या माणसापुढं ठेवली. त्यानं वाडग्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि दोन्ही हातांनी वाडगा उचलायला गेला. भांडं चांगलंच तापलं होतं. पेज सांडली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, काहीतरी शोधत असल्यासारखं. बंडीच्या खिशात चाचपलं. तिथं नव्हतं. आम्हाला वाटलं, ह्याला आता काय पाहिजे? पळी?

रखमाजी उठले. देवळाच्या कुडाला कारवीच्या काठ्या लावलेल्या होत्या, त्यांतली एक त्यांनी उपसली. कंबरेचा कोयता काढून तिचे वीतभर लांबीचे चार तुकडे केले, साल काढली, टोकं गुळगुळीत तासली. कुणाला काही कळेना. त्यांतले दोन तुकडे त्यांनी दोन्ही हातांवर आडवे धरले, वाकले आणि त्या माणसापुढं केले.

त्या माणसाच्या तोंडून एक आवाज निघाला. हुंदका होता की हसू होतं, मला आजही सांगता येणार नाही. त्यानं त्या काड्या घेतल्या, एका हातात दोन्ही धरल्या, वाडगा पदरासारख्या धरलेल्या बंडीच्या टोकानं उचलून तोंडाशी नेला आणि काड्यांनी कण्या तोंडात ओढायला लागला. पोरं ओरडली, “काड्यांनी खातोय! काड्यांनी खातोय!” सगळं गाव पुढं सरकलं.

खाता खाता तो थांबला. वाडगा खाली ठेवून रखमाजींकडं सरकवला, तूही घे म्हणून. रखमाजी त्याच्याजवळ बसले. उरलेले दोन तुकडे त्यांनी उचलले, बोटांत धरले, आणि पेजेवर तरंगणारं एक सुकट, नखाएवढं, त्या दोन काड्यांत अलगद पकडून उचललं. तोंडात घातलं. मग दुसरं. मग थोड्या कण्या. बोलत होते ते पाटलांशी, “ह्येला चालवायचं न्हाई, पाटील, दोन दीस तरी पाय भिजवाय लागत्याल,” आणि हात आपला चालला होता. हाताकडं बघतही नव्हते.

लोक हसत होते. “बगा, बगा, सिंकेवाला बी बगळ्यावानी टोची मारतुय!” चिमाजी तर मांडीवर थापा मारत होता.

मी हसत नव्हते. मी त्या बोटांकडं बघत होते. दगड फोडणाऱ्याची जाडजूड, चिरा पडलेली बोटं. मी लग्न होऊन आले तेव्हा भाकरी मोडताना ह्याच बोटांनी निम्मी भाकरी सांडायची, म्हणून आमचे घरधनी त्यांची थट्टा करायचे. ती बोटं नखाएवढं सुकट न बघता उचलत होती. असं काही लालबागेत शिकवत नाहीत. गंमत म्हणून महिनाभर करून येत नाही. असं यायला रोज, वर्षानुवर्षं, त्या माणसांच्या पंगतीला बसावं लागतं.

बोलीत हरले होते ते. आणि माझ्याच हातच्या पेजेनं मला खरं दाखवलं होतं. मी तिथंच पायरीवर खाली बसले. कुणीतरी म्हणालं, उन्हाचा त्रास झाला वाटतं वैनीला.

घरी कशी गेले ते आठवत नाही. सासूबाई ओसरीवरच होत्या. मी म्हटलं, “आत्याबाई, भावजी खरंच व्हते तितं.”

“व्हय,” त्या म्हणाल्या.

“म्हंजी मग... म्हंजी ह्ये...”

“व्हय, पोरी.”

मी त्यांच्याकडं बघत राहिले. “तुमाला ठाव व्हतं?”

“रखमाजी आला त्याच्या दुसऱ्या दिशी म्या त्याला नदीवर गाठलं. समदं इचारून घितलं. माजं लेकरू हाय, मी इचारनार न्हाई व्हय?” त्यांनी वातीचं तबक बाजूला सारलं. “तुज्या कपाळाकडं बगून गप बसले. म्हनलं, हिच्या मनाला पटंल तवा पटंल. हिचं कुंकू म्या कशाला पुसू?”

इतकी वर्षं ही बाई माझ्याबरोबर सणाला पोळ्या लाटत होती, माझ्या हिरव्या बांगड्या स्वतः बाजारातून आणत होती, माझा नवरा येईल म्हणून मी बोलायचे तेव्हा हूं म्हणत होती. आणि सगळा वेळ तिला ठाऊक होतं की तिचा लेक नाही. तिनं तिचं रडणं कुठं रडून घेतलं असेल? मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि अशी रडले, की आवाज देवळापर्यंत गेला असेल. गेला तर गेला. बांगड्या मी माझ्या मी फोडल्या. कुंकू मी माझं मी पुसलं. सासूबाई तेव्हा आत जाऊन बसल्या होत्या, त्यांना बघवत नव्हतं.

चिनी माणूस रखमाजींच्या झोपडीत राहिला. त्याचे पाय त्यांनी गरम पाण्यात भिजवले, फोडांना हळद आणि तूप लावलं, आणि चालता यायला लागलं तेव्हा घाटाच्या तोंडापर्यंत गठुडं वाहून नेलं. एकमेकांचं नाव तरी त्यांना कळलं की नाही, देव जाणे. परत आले तेव्हा ते भामाबाईच्या शेताची ताल रचायला गेले. मी तिथं गेले.

त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं आणि हातातला दगड खाली ठेवला.

“भावजी,” मी म्हटलं, “त्या दिशी तुमी सांगाया आला व्हता. म्या ऐकलं न्हाई. आता सांगा.”

“वैनी, आता कशापायी...”

“सांगा. माजा हक्क हाय.”

ते दगडावर बसले, मी बांधावर. खालून नदीचा आवाज येत होता. त्यांनी हातांची माती चोळून काढली.

“साथ आली व्हती,” ते म्हणाले. “आमी दोगं एका खोलीत. ज्ञानूला ताप भरला त्यो उतरलाच न्हाई. सारकं कौलांचं इचारत व्हता. कौलं आली का रं, म्हनायचा. पहाटं गेला.” ते थांबले.  “आपल्याकडची दोन-चार मान्सं व्हती गोदीवर, तेलंगी, पठान. समद्यांनी दारं लावून घितली. भ्यालेली, त्येंचा तरी काय दोस. मुकादम म्हनला, गाडीत टाका, बाकीच्या मढ्यांसंगं जाईल. म्या म्हनलं, माजा भाऊ हाय, खांद्यावरनं न्हेनार. आता एकट्याच्या खांद्यावर तिरडी जाती व्हय, वैनी? बांबू बांदलं, त्याला वर ठिवला, आन दारात बसून रडलो.”

“मग?”

“मग सिंके आलं. चीन देसातनं बोटी भरून मान्सं यायची कामाला. नव्या आलेल्याला तितं सिंके म्हंत्यात. नवा पाव्हना म्हना. जुनी मान्सं त्यास्नी हसायची, त्येंच्याकडनं वंगाळ कामं करून घ्यायची. त्याच सकाळी बोट लागलेली. मोठी रांग चालली व्हती रस्त्यानं, डोईवर वळकट्या. त्यातलं तिगं थांबलं. मला बगितलं, आत बगितलं. येक चकार शबुद न्हाई. वळकट्या खाली ठिवल्या, आन वाकून बांबू धरलं. त्येंचा म्होरक्या आरडला, काठी उगारली. त्येंनी मान बी वर केली न्हाई.”

माझ्या तोंडाला पदर होता. मी तो चावत होते.

“समुद्राच्या कडंला टेकाड हाय, तितं न्हेलं. लाकडं त्येंनीच रचली. आगीला हात माजा. त्येंच्या फडक्यात बांदलेला भात व्हता, त्या मुलखातलं त्येंचं पैलंच जेवान असंल त्ये. त्यो त्येंनी ज्ञानूच्या म्होरं ठिवला, वाकून पाया पडलं, आन गेलं पळत. रांग गाठायची व्हती न्हवं.”

“नावं काय त्येंची?”

“इचारायला बोली कुठं व्हती मला? म्हागनं लई हिंडलो. कुटल्या खानीवर न्हेलं कुनाला ठाव न्हाई. मुकादमाला इचारलं, तर म्हनला, सिंके. समद्यास्नी येकच नाव.” त्यांनी दगड पुन्हा उचलला. “ज्ञानू गेल्यावर म्या आपल्यांच्यात जेवलोच न्हाई, वैनी. नव्या येनाऱ्या सिंक्यांच्या पंगतीत बसायचो. म्हनायचो, येखादा तरी वळकू येईल.”

“आला का?”

“न्हाई.” दगड त्यांनी तालीत बसवला, हलवून पाहिला, पुन्हा काढला, फिरवून बसवला. “चेहरं बगितलंच कुठं व्हतं धड? डोळं पान्यानं भरलेलं.”

 मला वाटलं होतं, ऐकून मी मरेन. तसं झालं नाही. माझा माणूस गाडीत टाकला गेला नाही, एवढंच मनात फिरत राहिलं. खांद्यावरून गेला. चौघांच्या खांद्यावरून, रीतसर.

भादव्यात पितरांचा पंधरवडा आला. आमच्याकडं रीत अशी, की घरातलं जे गेलेलं असेल त्याच्या नावानं गावातला एक माणूस बोलावून पानावर बसवायचा. तो जेवला म्हणजे आपलं माणूस जेवलं. आमच्या घरात सासरे गेलेले, त्यांचं पान दर साली होई. त्या साली मी ओसरीवर सासऱ्यांच्या पानाशेजारी आणखी चार पानं मांडली. भात, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं केलं. सासऱ्यांच्या पानावर आनंदराव पाटील बसले. चिमाजीला आणि भावकीतल्या दोघांना मी मुद्दाम बोलावून आणलं होतं.

“ह्या चारातलं पैलं पान कुनाचं?” पाटलांनी विचारलं.

“ज्ञानूचं,” मी म्हटलं. पहिल्यांदाच घेतलं ते नाव. जीभ अडखळली नाही. रखमाजी उठले आणि न सांगता त्या पानावर जाऊन बसले.

“आन ही तीन?”

“त्यास्नी ज्यांनी खांदा दिला, त्येंची.”

“नावं?”

“न्हाईत. सिंके म्हना.”

भावकीतले दोघं एकमेकांकडं बघायला लागले. चिमाजी उठून उभाच राहिला. “चिन्याच्या नावानं जेवू व्हय म्या? त्यो मेलाय का जित्ता हाय त्याचाबी पत्त्या न्हाई! वैनी, ह्ये असलं कधी कुनी केलंय का?” पाटीलही चुळबुळले. “फुलाबाई, खरंच, जित्त्या मान्साचं पितर घालनं बरं न्हवं.”

“जित्तं असलं तर चांगलंच हाय की. प्वाटभर जेवत्याल,” मी म्हटलं. “पर आमच्या मान्सासाटी आपली पैली भाकर त्येंनी सोडली. ती आमच्या घराकडं देनं हाय.”

तरी कुणी बसेना. चिमाजी वहाणा घालून निघून गेला. दुसरे दोघं भिंतीला टेकून उभे राहिले, जाववत नव्हतं आणि बसवत नव्हतं. वाफा निघत होत्या पानांवरून. रखमाजींनी हात पुढं केला नव्हता, खाली बघत बसले होते. मला वाटलं, आता मी मोठ्यानं रडणार.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. बायका पितराच्या पानावर बसत नाहीत, हे गावाला मी सांगायची गरज नव्हती आणि त्यांनाही नव्हती. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत त्या आल्या आणि रखमाजींच्या शेजारच्या पानावर मांडी घालून बसल्या.

“वाढ गं,” म्हणाल्या. “माजं लेकरू उचललंय त्यानं. म्या बसते त्याच्या नावानं.”

 मी त्यांना भात वाढला. मग पदर खोचला आणि त्यांच्या पलीकडच्या पानावर मी बसले. माझ्या पानावर रखमाजींनी उठून वाढलं.

तिसऱ्या सिंक्याचं पान रिकामं राहिलं. पाटलांनी त्याच्याकडं पाहिलं. रखमाजींनी भाताचं भांडं उचललं, त्या पानावरही भात वाढला, खीर वाढली, वडा ठेवला. पाण्याचा तांब्या भरून उजव्या बाजूला ठेवला. मग ते आपल्या जागी येऊन बसले आणि आम्ही जेवायला सुरुवात केली.